अर्धी चाबी आत

मंडईची रात्र होती. दिवाळी आटोपली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, आणि मंडई म्हटली की रात्रभर नाटक आलंच. आमगावकडच्या एका गावात नाटक पाहून आम्ही तिघं, म्हणजे आई, बायको आणि मी, पहाटे चारच्या सुमारास गोंदियात घरी परतलो. कडाक्याची थंडी, डोळ्यांवर झोप, आईचे पाय आखडलेले. दाराच्या लॅचमध्ये चाबी घातली, फिरवली. नेहमीप्रमाणे ती मध्येच अडली, नेहमीप्रमाणे मी मनगटाचा जोर लावला. बारीकसा 'टिक्' असा आवाज झाला. चाबीचं डोकं गुच्छासकट माझ्या हातात, आणि दातांचा भाग कुलपात.

अशा वेळी माणूस काय करतो? हातातलं डोकं पुन्हा त्या फटीला लावून बघतो. मीही लावलं. मग बायकोच्या पदराची सेफ्टी पिन निघाली, ती फटीत खुपसून झाली. पिन वाकली, तुकडा ढिम्म. तेवढ्यात शेजारचे काका शाल गुंडाळून ओट्यावर आले. उभं आयुष्य राइस मिलमध्ये फिटर म्हणून काढलेला माणूस, त्यामुळे लोखंड कुठं कण्हतंय ते त्यांना झोपेतही ऐकू येतं.

"काहून जी, दार नाही खुलत काय?"

मी तुटकं डोकं दाखवलं. त्यांनी आधी पिन माझ्या हातातून काढून घेतली. "कोचू नका. बॅटरी आना." मग बॅटरीच्या उजेडात फटीकडे बघत त्यांनी विचारलेला प्रश्न मला आजही आठवतो : "आता तुम्हाले दार खोलायचं हाये का तुकडा काढायचा हाये?"

ही दोन कामं वेगवेगळी आहेत, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बहुतेकांच्या येत नाही. तुकडा निघाल्याशिवाय दार उघडणार नाही असं आपण धरून चालतो आणि अंधारात, घाईत, उभ्याउभ्या सगळ्यात नाजूक काम आधी करायला घेतो. काकांनी घरातून बारीक पात्याचा चपटा पेचकस आणला. त्याचं टोक फटीच्या तोंडाशी, तुकड्याच्या पुढे उरलेल्या जेमतेम दोन मिलिमीटर जागेत टेकवलं, डाव्या हातानं दाराची कडी धरून दार स्वतःकडे ओढलं आणि पेचकस हलकेच फिरवला. दार उघडलं. तुकडा आतच होता.

यात जादू काहीच नाही. कुलपाच्या पोटात काय असतं ते ठाऊक हवं. लॅचच्या बाहेरच्या बाजूला जो गोल पितळी तोंडवळा दिसतो, त्याला सगळे सिलिंडर म्हणतात. त्यात एक स्थिर पोकळ भाग असतो आणि त्याच्या आत फिरणारा रूळ. चाबीची फट या रुळाला असते. रुळात एका ओळीत पाच-सहा भोकं, आणि प्रत्येक भोकात एकावर एक अशा दोन खुंट्या, त्यांच्यावर स्प्रिंग. चाबी नसते तेव्हा वरच्या खुंट्या अर्ध्या रुळात आणि अर्ध्या बाहेरच्या भागात अडकून बसतात, म्हणून रूळ फिरत नाही. योग्य चाबी आत गेली की तिच्या उंच-सखल दातांवर खालच्या खुंट्या वेगवेगळ्या उंचीला उचलल्या जातात, आणि प्रत्येक जोडीतला सांधा बरोबर रुळाच्या कडेला येतो. सगळे सांधे एका रेषेत आले की रूळ मोकळा.

आता विचार करा. हे खुंट्या उचलण्याचं काम चाबीचं डोकं करत नाही. डोकं फक्त फिरवायला असतं. दातांचा भाग पूर्ण आत, जागच्या जागी असेल, तर कुलपाच्या दृष्टीनं चाबी अजून शाबूत आहे. फिरवायला काहीही चालतं, पेचकसाचं टोकसुद्धा. मात्र तुकडा एखादा मिलिमीटर जरी आत ढकलला गेला, तरी दात आणि खुंट्या यांचा मेळ चुकतो आणि ही सोय हातची जाते. काकांनी पिन हिसकावली ती म्हणून.

माझ्या पिनेनं नुकसान झालं नाही, याचं कारण माझी हुशारी नव्हे. चाबी अर्धी फिरलेली असताना तुटली होती. रूळ फिरला की त्याची भोकं बाहेरच्या भागातल्या भोकांपासून सरकतात. वरच्या खुंट्या वर राहतात आणि खालच्या खुंट्या चाबीचे दात आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये कोंडल्या जातात. त्यांना वर उचलायला जागाच उरत नाही. अशा वेळी तुकडा बाहेरही येत नाही आणि आतही सरकत नाही. धड चाबीसुद्धा अर्धवट फिरवून ओढली तर निघत नाही, हे रोजच्या अनुभवातलं आहे; तुटली की नेमकं तेच आपण विसरतो. चिमटा लावून घाम गाळत बसतो, चिमट्याला दोष देतो. फिरलेला रूळ आधी मूळ जागी, म्हणजे चाबी घालताना फट जशी असते तशी, आणायचा. तोवर ओढाओढ फुकट.

ही सगळी रचना मुळात फार जुनी. लाकडी खुंट्यांची कुलपं प्राचीन इजिप्तमध्ये होती, त्यांच्या चाब्या हातभर लांब. आपण खिशात घालतो ती छोटी, चपटी, दातेरी चाबी अमेरिकेतल्या लायनस येल धाकट्याची. १८६१ आणि १८६५ सालची त्याची पेटंटं आहेत. बाप कुलपं करायचा, मुलगा आधी व्यक्तिचित्रं रंगवायचा, मग तोही बापाच्या धंद्यात आला. चित्रकाराच्या डोक्यातून हे निघालं, ही गोष्ट मला उगाच आवडते. शब्दांची गंमत तर आणखी वेगळी. कुलूप हा शब्द अरबी 'कुफ्ल'वरून आला, वाटेत त्याच्या अक्षरांनी जागा बदलल्या. चाबी, चावी आली पोर्तुगीज 'शाव्ह'वरून. म्हणजे आमच्या दाराला कुलूप अरबस्तानचं आणि त्याची चाबी पोर्तुगालची. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मंग अडकनार नाही तं काय होईल?"

तुकडा आम्ही सकाळी काढला, चहा झाल्यावर. दार उघडं असल्यामुळे घाई नव्हती, आणि या कामात घाई नसणं हे अर्धं हत्यार आहे. काकांनी आधी पेचकसानं रूळ सरळ केला. मग आतल्या बाजूचे स्क्रू काढून लॅच उतरवलं आणि सिलिंडरच हातात घेतलं. दारात वाकून करण्यापेक्षा टेबलावर कापड पसरून, सिलिंडरचं तोंड थोडं खाली झुकवून करणं कितीतरी सोपं. पण लॅच उतरवलं नाही तरी पद्धत हीच राहते.

त्यांच्या डब्यात प्लायवूडवर नक्षी कापायच्या करवतीची पाती होती, जाडीला नखाएवढी. सोनाराकडे मिळणारं पातंही चालतं. लोखंड कापायचं हॅक्सॉचं पातं मात्र या फटीला फार रुंद. काकांनी एक पातं बोटाएवढं मोडून घेतलं आणि नखानं दातांची दिशा तपासली. पात्याचे दात बाहेरच्या बाजूला, म्हणजे आपल्याकडे वळलेले हवेत. आत जाताना ते घसरतात आणि ओढताना चावतात. फटीत चिमूटभर शिसपेन्सिलीची पूड टाकून त्यांनी पातं चाबीच्या दातांच्या कडेनं आत सरकवलं, थोडं कलतं केलं आणि हळू ओढलं. पहिल्यांदा पातं नुसतंच बाहेर आलं. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा तुकडा तांदळाच्या दाण्याएवढा पुढे सरकला. आत स्प्रिंगांनी दाबलेल्या खुंट्या चाबीच्या खाचांमध्ये बसलेल्या असतात, त्यामुळे तुकडा सरळ घसरत येत नाही, एकेक खाच ओलांडत टप्प्याटप्प्यानं येतो. कान लावला तर प्रत्येक खाचेला बारीक खट् ऐकू येतं. टोक बाहेर डोकावल्यावर त्यांनी नोज प्लायरनं धरलं. एकच पातं घसरत असेल तर तुकड्याच्या दोन बाजूंनी दोन पाती घालून त्यांना एकत्र पीळ देऊन ओढायचं, हा त्यांचा राखीव डाव होता; त्याची वेळ आली नाही.

चुंबकाचं काय, हे मी विचारलं होतं. ते हसले. बहुतेक चपट्या चाब्या पितळेच्या असतात, वर निकेलचा पातळ मुलामा. पितळेला चुंबक चिकटत नाही. आपली चाबी कशाची ते कळायला सोपी युक्ती आहे : हातात उरलेल्या डोक्याला चुंबक लावून बघा. ते चिकटलं नाही तर आतल्या तुकड्यालाही चिकटणार नाही. आणि चाबी लोखंडी निघाली तरी खाचांत रुतलेला तुकडा खेचायला साधा चुंबक पुरत नाही.

सगळ्यात वाईट सल्ला म्हणजे फेविक्विकचा. काडीच्या टोकाला थेंब लावायचा, तुकड्याला चिकटवायचा आणि ओढायचा. ऐकायला किती सोपं! पण हा डिंक पाण्यासारखा पातळ असतो, बारीक फटींत आपोआप ओढला जातो आणि धातूवर हवेतल्या ओलाव्यानंच घट्ट होतो. काडी तुटते, तुकडा खुंट्यांना चिकटतो, आणि पन्नास पैशांच्या युक्तीपायी सिलिंडर बदलावं लागतं.

तुकडा बाहेर आल्यावर काकांनी तो फेकू दिला नाही. बॅटरीच्या उजेडात तुटलेली कड दाखवली. कडेचा एक तृतीयांश भाग काळपट, मळकट होता आणि उरलेला ताज्या पितळेसारखा चकचकीत. "हे काल नाही तुटली," ते म्हणाले. काळा भाग म्हणजे जुनी भेग. चाबी डोक्याच्या जवळच्या खोल खाचेपाशी चिरली होती, कारण पिळाचा सगळा ताण तिथंच गोळा होतो. खाच जितकी टोकदार तितका जास्त. रोजच्या पिळानं भेग केसभर पुढे सरकत गेली, आत हवा-मळ शिरून काळी पडत गेली. शेवटी उरलेल्या पितळेला भार पेलवेना. त्या पहाटे माझ्या मनगटानं फक्त शेवटचा हिशेब पूर्ण केला.

मग भेग पडली कधी? इथे गोंदियाचा पाऊस येतो. जिल्ह्यात वर्षाला हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरच्या चार महिन्यांत. धानाला हवा तसाच. या दिवसांत लाकडी दारं फुगतात. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, वाढतं ते रुंदीत. दार चौकटीला घासायला लागतं आणि लॅचची जीभ चौकटीवरच्या लोखंडी पट्टीत तिरपी दाबून बसते. त्यातून बिजागरीचे स्क्रू सैल असतील तर दार लोंबतं आणि जीभ खालून घासते. आपण चाबी फिरवतो, ती अडते, आपण म्हणतो कुलूप कडक झालं. कुलूप बिचारं ठीक असतं. त्याच्या जिभेवर अख्ख्या दाराचं ओझं असतं आणि ते ओझं आपण दोन मिलिमीटर जाडीच्या पितळेच्या पट्टीनं हलवू बघतो.

काकांनी पहाटे दार स्वतःकडे ओढलं ते यासाठीच. ओढलं की जिभेवरचा दाब जातो आणि चाबी दोन बोटांनी फिरते. तुमचं दार कुठल्या दिशेनं ओढायचं, की ढकलायचं, की थोडं उचलायचं, ते एकदा उजेडात करून बघावं. परीक्षा त्याहून सोपी : दार उघडं ठेवून चाबी फिरवून बघा. उघड्या दारात ती लोण्यासारखी फिरत असेल आणि बंद दारात अडत असेल, तर दोष कुलपात नाही, दाराला सुताराची गरज आहे.

स्टीलच्या कपाटाचंही तेच. लग्नात आलेलं आंदणाचं कपाट, त्यात साड्या, गोधड्या, कागदपत्रं कोंबलेली. पल्ला आतून फुगलेला असतो. मग चाबीला जोर लावला जातो. एका हातानं पल्ला दाबून धरला तर हा प्रसंगच येत नाही.

कुलूप खरंच कोरडं किंवा मळकं असू शकतं, हेही खरं. राइस मिलच्या आसपास राहणाऱ्यांना सांगायला नको. तूस आणि कोंड्याची धूळ कुठं जात नाही? पण त्यावर आपण करतो तो उपाय रोगाहून जड. घरात जे तेल असेल ते ओतायचं. खोबरेल तेल सुमारे २४ अंशांना गोठतं, आणि आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा कधीकधी १० च्या खाली उतरतो. म्हणजे कुलपाच्या आत मेण. टोळीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं तेल त्याचंच भावंड. जवसाचं तेल तर आणखी घातक, कारण ते हवेतल्या प्राणवायूनं वाळून कातडीसारखं घट्ट होतं; जुने रंगारी रंगात ते मिसळायचे ते याच गुणासाठी. शिवाय कुठलंही खाद्यतेल कोंडा धरून ठेवतं आणि त्याची लापशी होते. त्यापेक्षा मऊ शिसाची पेन्सिल, ४बी किंवा ६बी, चाबीच्या दोन्ही बाजूंवर घासायची आणि चाबी चार-पाच वेळा आत-बाहेर करायची. पेन्सिलीतलं ग्रॅफाइट पत्त्यांच्या कॅटसारखं थरावर थर घसरतं आणि धूळ धरत नाही. मात्र आधी तेल ओतून बसला असाल तर वर ग्रॅफाइट टाकू नका. दोन्हींची काजळासारखी पेस्ट होते.

हे सगळं झालं सिलिंडरचं. टांगत्या कुलपाची जात वेगळी. 'सात लिव्हरचं आहे' असं ज्याचं कौतुक होतं, त्यात खुंट्या नसतात. एकावर एक रचलेल्या पातळ पट्ट्या असतात. चाबीनं प्रत्येक पट्टी नेमकी तेवढीच उचलली तरच कडी सुटते. १७७८ मध्ये इंग्लंडात रॉबर्ट बॅरननं ही कल्पना पेटंट केली. हिंदुस्थानात असल्या विलायती कुलपांशी टक्कर घेतली ती अर्देशीर गोदरेज यांनी. वकिली सोडून, शस्त्रक्रियेची अवजारं करून पाहून, १८९७ मध्ये त्यांनी मुंबईत लालबागला एका शेडमध्ये कुलपं करायला घेतली. विदर्भातल्या खेड्यांत अजून 'गोदरेज' म्हणजे कपाट आणि 'अलिगडी' म्हणजे स्वस्त कुलूप, इतका त्या दोन नावांचा पगडा आहे.

लिव्हरच्या कुलपात तुकडा सहसा रुतत नाही, पण लपतो. चाबी फिरताच तिचे पंख तोंडाच्या पत्र्यामागे जातात आणि तुटलेला तुकडा तिथं आडवा होऊन बसतो. भोक केवढंसं, तुकडा आडवा, मग तो पडेल कसा? ताकद लावली तर पट्ट्या वाकतात आणि चांगलं कुलूप कायमचं जातं. इथे कुलूप भोक खाली करून धरायचं, बारीक तारेनं तुकडा भोकाच्या सरळ रेषेत वळवायचा आणि हातोडीच्या लाकडी दांड्यानं वरून टिचक्या मारायच्या. सरळ झाला की तुकडा आपल्या वजनानं खाली येतो. लिव्हरच्या चाब्या बऱ्याचदा लोखंडी असतात, त्यामुळे तुकडा वळवताना चुंबकी टोकाचा पेचकस इथे खरोखर कामी येतो. आणि कुलूप गंजून दगड झालंच असेल, तर कापायचा तो कोयंडा. नवा कोयंडा चांगल्या कुलपापेक्षा नेहमी स्वस्त पडतो.

हल्लीच्या 'कॉम्प्युटर चाबी'ला दात नसतात, अंगावर वाटीसारखे खळगे असतात. ती जाड असते, सहसा तुटत नाही. पण तुटली तर पात्याला धरायला काही सापडत नाही. तिथे हात न घालता चाबीवाल्याला बोलवावं. तो घर तुमचंच आहे ना, असं विचारेल. विचारलं तर रागावू नये, न विचारणारा जास्त काळजीचा.

मी दोन्ही तुकडे घेऊन बाजारात गेलो. फुटपाथवर पेटी मांडून बसलेल्या चाबीवाल्यानं ते मशीनच्या पकडीत असे जुळवून बसवले की सांधा दिसेना, आणि त्यावरून नवी चाबी कापली. तुकडे चिकटवून नेले असते तर लांबीत फरक पडून दात सरकले असते, असं तो म्हणाला. माझी तुटलेली चाबी अस्सल नव्हती, हेही त्यानं खाचांवरून ओळखलं. कोणीतरी नकलेवरून नक्कल काढली होती, खाचेचा तळ कानसीनं चाकूसारखा टोकदार झाला होता. दोन चाब्या करून घेतल्या. खाचांच्या कडा त्यानं कानसीनं मारून दिल्या.

दुपारी काकांनी चौकटीवरच्या पट्टीचं भोक कानसीनं खालच्या बाजूला थोडं वाढवलं, बिजागरीला लांब स्क्रू मारले. आईनं स्वतः चाबी फिरवून बघितली, मग पुन्हा फिरवून बघितली.

दोनपैकी एक चाबी मी काकांकडे ठेवायला दिली. त्यांनी ती कॅलेंडरशेजारच्या खिळ्याला अडकवली. तिथं आधीच चार चाब्या लटकत होत्या. कोणाच्या, ते मी विचारलं नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही.